रॉडची कॉर्कची मूठ: दर वर्षी भरतो, दर वर्षी पुन्हा खड्डे पडतात, असं का?

तक्रार साधारण अशी असते. मासेमारीचा रॉड चांगला आहे, ब्लँक (म्हणजे रॉडची मूळ कांडी) सरळ, तंगूस जायच्या कड्या धड, फक्त मूठ कळकट. साबणाने घासली की आठवडाभर उजळते, मग परत काळपट आणि ओशट होते. जागोजागी बारीक खळगे दिसतात. ते भुसा आणि ग्लूने बुजवले, वरून पॉलिश पेपर मारला, की हंगामाच्या सुरुवातीला मूठ नव्यासारखी दिसते. हंगाम संपेपर्यंत भरलेलं निम्मं गळून जातं आणि शेजारी चार नवे खळगे उघडलेले असतात.

माझ्या एका स्पिनिंग रॉडवर हा खेळ तीन वर्षं चालला. चौथ्या वर्षी सहज कॅलिपर लावून मूठ मोजली. रॉड घेतला तेव्हा मूठ सगळीकडे सारख्या जाडीची होती, आता अंगठा टेकतो ती जागा जवळजवळ ३ मिलिमीटरने बारीक झाली होती. मळाने एवढं खाल्लं नव्हतं. ते मीच खाल्लं होतं, दर वर्षी "जरासाच" पेपर मारून. तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे: पेपरला हात सगळ्यात शेवटी लावायचा, आणि तोही फक्त भरलेल्या जागेपुरता.

आधी बघा, हातात आहे ते खरंच कॉर्क आहे का

अख्ख्या कॉर्कची मूठ चकत्यांची असते. साधारण अर्धा इंच जाडीच्या चकत्या एकमेकींना चिकटवून, ब्लँकवर ओवून, लेथवर घोटून ती तयार होते. नीट पाहिलं की दर अर्ध्या इंचावर आडवा सांधा दिसतो.

पण काही रॉडवर आतून फोम असतो आणि वर कॉर्कचा पातळ पापुद्रा गुंडाळलेला असतो. आडवे सांधे नाहीत, उलट मुठीच्या लांबीने एक उभी शिवण दिसते, किंवा पट्टी तिरकी गुंडाळल्याची रेघ दिसते. अशा मुठीला पेपर अजिबात लावू नका. दहा-बारा हात मारले की आतला फोम बाहेर येतो आणि मग त्यावर उपाय नाही. साबण, ओलं फडकं, एवढंच.

तिसरा प्रकार म्हणजे कॉर्कचा चुरा आणि रबर किंवा रेझिन दाबून केलेलं, ठिपक्याठिपक्यांचं गडद कॉर्क. ते बहुतेक वेळा मुठीच्या दोन टोकांना लावतात, कारण आपटून तुटतात ती टोकंच. त्याला खळगे सहसा पडत नाहीत आणि त्याचा गडद रंग हा मळ नव्हे. मी एकदा अर्धा तास ते "साफ" करत बसलो होतो, हे इथे कबूल करून टाकतो.

खळगे येतात कुठून

कॉर्क म्हणजे कॉर्क ओक या झाडाची साल. भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात, पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया या पट्ट्यात ही झाडं आहेत, आणि जगातलं साधारण निम्मं कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतं. झाड न तोडता साल सोलून काढतात. एकदा सोलल्यावर पुन्हा सोलायला किमान ९ वर्षं थांबावं लागतं, पोर्तुगालमध्ये तसा कायदाच आहे. रॉबर्ट हूकने १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखाली हीच साल पाहिली आणि तिच्यातल्या खोल्याखोल्यांना "सेल" हे नाव दिलं. त्या बंद खोल्यांत हवा असते आणि भिंतींत सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ असतो. म्हणून कॉर्क हलकं, हाताला उबदार, आणि पाणी सहजी आत न घेणारं.

मग मळ आणि पाणी शिरतं कुठून? सालीतून झाडाला श्वास घ्यायला बारीक नळ्या असतात. त्या आडव्या, सालीच्या बाहेरून आतपर्यंत जातात, आणि त्यांच्यात तपकिरी, पिठूळ, भुसभुशीत पूड भरलेली असते. मुठीवर दिसणारा प्रत्येक काळा ठिपका म्हणजे अशा एका नळीचं तोंड. महागड्या प्रतीच्या कॉर्कमध्ये ही तोंडं कमी असतात, स्वस्तात जास्त. कारखान्यात कॉर्कची पूड आणि चिकटवण्याचं मिश्रण ती तोंडं बुजवायला वापरतात, म्हणून दुकानात मूठ गुळगुळीत दिसते. हाताचा घाम, पाणी आणि ऊन लागून हे भरण सैल होतं, सुकताना आकसतं आणि निसटतं. म्हणजे खळगा नवा पडलेला नसतो. तो पहिल्या दिवसापासून तिथे होता, फक्त झाकलेला होता.

यातूनच दुसरी गोष्ट कळते. पेपर मारून वरचा थर घालवला की खालच्या थरातल्या नळ्यांची तोंडं उघडतात. जितकं घासाल तितके नवे खळगे. दर वर्षी खळगे वाढतात याचं कॉर्कच्या वयाशी फारसं देणंघेणं नाही, घासण्याशी आहे.

मळ काढणं

हे सगळ्यात सोपं काम आहे आणि यातच सगळ्यात जास्त अघोरी प्रकार चालतात, म्हणून आधी काय करायचं नाही ते सांगतो.

ब्लीच नको. म्हणजे कपडे पांढरे करायचं क्लोरीनचं ब्लीच. मूठ पांढरीफटक होते, लोक खूश होतात. पण ते रंगाबरोबर कॉर्कच्या भिंतींनाही धरतं. नंतर तेच कॉर्क कोरडं, ठिसूळ होतं आणि नखाने भुगा निघतो. स्टील वूल नको. त्याचे केसासारखे तुकडे खळग्यांत अडकतात, गंजतात, आणि कॉर्कमधल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याशी लोखंड भेटलं की निळसर काळे डाग पडतात. थिनर, पेट्रोल नको. ते ग्लूच्या सांध्यात आणि कड्यांच्या वॉर्निशपर्यंत पोचतात. आणि मूठ बादलीत बुडवून ठेवायची नाही. कॉर्कला एक वेळ चालेल, पण खाली रील सीटच्या, म्हणजे रील बसवायच्या जागेच्या, आत पाणी शिरलं की ते महिनाभर बाहेर येत नाही.

आता करायचं काय. रील काढा. कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. जुना, मऊ झालेला टूथब्रश. ब्रश आडवा फिरवायचा, म्हणजे मुठीभोवती गोल, आणि हलक्या हाताने. पहिल्या मिनिटातच फेस करडा होतो. फडक्याने पुसा, पाणी बदला, पुन्हा. तीन वेळा केलं की बहुतेक मुठी ओळखू येत नाहीत.

एवढ्यानेही ओशटपणा गेला नाही तर मेलामाइनचा पांढरा स्पंज, जो मॅजिक इरेझर म्हणून मिळतो. तो ओला करून पिळायचा आणि वजन न देता फिरवायचा. हा स्पंज जादू करत नाही, तो अतिशय बारीक पॉलिश पेपरच आहे, त्यामुळे तो हंगामाला एकदा ठीक, दर रविवारी नाही.

मूठ चिकट लागत असेल, मळकट नव्हे तर बोटाला धरून ठेवल्यासारखी, तर बऱ्याचदा दोष मळाचा नसतो. डासांसाठी अंगाला लावायच्या ज्या मलमात डीट असतं, ते प्लॅस्टिक आणि वॉर्निश दोन्ही मऊ करतं. मुठीवर आधी कोणी वॉर्निश किंवा सीलर मारला असेल तर तो वितळून चिकट झालेला असतो. तिथे साबण हरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलं केलेलं फडकं फिरवून तो थर उचलावा लागतो. रॉड जुन्या बांबूचा असेल तर मात्र अल्कोहोल ब्लँकपासून लांब ठेवा, कारण त्यावर शेलॅक (लाखेचं वॉर्निश) असू शकतं आणि अल्कोहोल शेलॅक विरघळवतं.

धुतल्यावर सावलीत, उभी, दोन दिवस. वर हात लावला की कोरडी वाटते, पण नळ्यांत ओल असते. भरण टिकत नाही याचं एक मोठं कारण हीच घाई.

डाग ओळखून उपाय

काळे ठिपके पुंजक्याने आले असतील, आणि वास कोंदट असेल, तर बुरशी. ओला रॉड कापडी पिशवीत घालून ठेवला की हमखास. साबणाने धुऊन, अल्कोहोलने पुसून, उघड्यावर वाळवा. जुनी बुरशी निशाण ठेवून जाते, ते सहन करायचं.

निळसर काळा डाग, विशेषतः रील सीटच्या धातूच्या कडेजवळ, म्हणजे लोखंड आणि टॅनिन. त्यावर ऑक्झॅलिक आम्लाचं सौम्य द्रावण चालतं, लाकडाचे डाग काढायला मिळतं तेच. कापसाच्या काडीने फक्त डागावर लावायचं, डाग फिका होताच ओल्या फडक्याने तीनचार वेळा पुसून काढायचं. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे घाला, डोळे सांभाळा, आणि ते कुठल्याही ब्लीचच्या जवळही नेऊ नका.

सगळीकडे सारखा आलेला मधासारखा तपकिरी रंग हा डाग नाही. हाताने रापलेली मूठ तशीच दिसते. ज्यांना ती नव्यासारखी पांढरट हवी असते त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण तो रंग काढायला कॉर्कचा थर द्यावा लागतो.

भरणं, आणि ते का गळतं

इथे वेळ द्या. बाकी सगळं दुय्यम आहे.

भरण गळतं ते बहुतेक वेळा ग्लू वाईट म्हणून नाही. ते कॉर्कला चिकटलेलंच नसतं. खळग्यात आधीची तपकिरी पूड असते, तिच्यावर हाताचं तेल असतं, आणि आपण वरून ग्लू थापतो. ग्लू पुडीला चिकटतो. पूड कशालाच चिकटलेली नसते. मग एक दिवस अख्खा तुकडा, खाली पूड घेऊन, निघून येतो. माझं गळालेलं भरण मी भिंगाखाली पाहिलं तेव्हा त्याच्या पाठीला तपकिरी पिठाचा जाड थर होता आणि कॉर्कचा एक कणही नव्हता. तीन वर्षांच्या मेहनतीचा निकाल त्या एका तुकड्यावर लिहिलेला होता.

म्हणून सुई घ्या, किंवा दात कोरायची टोकदार काडी. खळग्यातली सैल पूड कोरून काढा. काळजी एवढीच, की भिंत टणक लागली की थांबायचं. कोरताना सुई भुसभुशीत जागेत आपोआप बुडते आणि खऱ्या कॉर्कला लागली की किंचित उसळते. हा फरक दोन खळग्यांत हाताला कळतो. मग टूथब्रशने झटका, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. शेवटी अल्कोहोलचं फडकं फिरवा म्हणजे तेल जाईल, आणि तासभर सुकू द्या.

भुसा कॉर्कचाच हवा. बाटलीचं अख्ख्या कॉर्कचं बूच १२० नंबरच्या पेपरवर घासलं की पाच मिनिटांत पुरेसा भुसा निघतो. चुरा दाबून केलेलं बूच चालत नाही, त्यात आधीच चिकटवणारं असतं. भुसा घासण्याआधी बुचाची मद्याचा डाग लागलेली बाजू कापून टाका, नाहीतर भरण जांभळट दिसतं. बूच जितकं फिकट तितकं बरं, कारण ग्लू मिसळला की रंग एक-दोन छटा गडद होतोच.

ग्लू पाण्याला टिकणारा, लाकडाचा. सुकल्यावर थोडा लवचीक राहणारा हवा, कारण मूठ दर वेळी हातात दाबली जाते. एपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा ग्लू) जास्त मजबूत असते आणि मोठ्या तुकड्यांना मी तीच वापरतो, पण बारीक खळग्यांत ती काचेसारखी टणक होते. भोवतालचं मऊ कॉर्क झिजतं, एपॉक्सी झिजत नाही, आणि वर्षभरात हाताला पुरळ आल्यासारखं लागतं. सुपरग्लू तर नकोच. तो कॉर्कमध्ये पसरतो आणि काळी कडा सोडतो.

प्रमाण मोजून सांगता येत नाही, हात सांगतो. ग्लूत भुसा घालत जायचं, इतकं की मिश्रण चमकणं बंद होईल आणि चाकूच्या टोकावर ढीग उभा राहील. अजून चमकत असेल तर ग्लू जास्त आहे, सुकताना ते आकसेल आणि मध्ये खड्डा पडेल. चुरा होऊन सुटत असेल तर भुसा जास्त. खळग्याच्या भिंतींना आधी काडीने नुसत्या ग्लूचा पुसट हात द्या, मग मिश्रण दाबून भरा. वरून ठेवायचं नाही, दाबायचं. पातळ पात्याने आडवं-उभं दोन्हीकडून रेटलं की आतली हवा बाहेर येते, कधी कधी बारीक बुडबुडा फुटताना दिसतो. पृष्ठभागापेक्षा केसभर वर राहू द्या. आजूबाजूला पसरलेलं लगेच ओल्या फडक्याने पुसा, कारण ते सुकलं की त्यासाठी पेपर मारावा लागतो, आणि पेपर कमी मारायचा म्हणून तर हे सगळं चाललं आहे.

२४ तास थांबा. खोल खळगा एका दमात भरू नका; अर्धा भरा, सुकवा, मग वरचा अर्धा.

पेपर

आधी मास्किंग टेप. मुठीच्या दोन्ही टोकांना ब्लँकवर, रील सीटवर, गळ अडकवायच्या छोट्या कडीवर. ब्लँकवर पेपरचा एक ओरखडा गेला तर तो कायमचा.

२२० ने सुरुवात करून ३२० आणि ४०० वर संपवा. त्याहून बारीकाने मूठ ओल्या हातात निसरडी होते. पेपरची दोन बोटं रुंद पट्टी कापा, मुठीवरून घ्या आणि बूट पॉलिश करतात तशी दोन्ही टोकं आळीपाळीने ओढा, आणि दर चार ओढींनंतर रॉड पाव वळसा फिरवा. एकाच बाजूने घासलं तर मूठ लंबगोल होते. डोळ्याला दिसत नाही, पण हाताला दुसऱ्याच दिवशी कळतं. भरण कॉर्कच्या पातळीला आलं की थांबा. तोंडावर मास्क हवाच, ही धूळ फार हलकी असते आणि तासभर हवेत तरंगते.

दबलेली जागा आणि तुटलेला तुकडा

रॉड होल्डरमध्ये किंवा गाडीत कशाखाली तरी दबून मुठीला खोक पडते. कॉर्क नुसतं दबलं असेल, फाटलं नसेल, तर भरायची गरज नाही. त्यातल्या खोल्या चेपलेल्या असतात, फुटलेल्या नसतात. ओलं सुती फडकं खोकेवर ठेवा, गरम इस्त्रीचं फक्त टोक दोन-तीन सेकंद टेकवा, उचला, बघा. वाफेने ते फुगून वर येतं. पाच-सहा वेळा करा, पण एका जागी धरून ठेवू नका आणि रील सीटजवळ करू नका, उष्णतेने आतली एपॉक्सी मऊ पडते.

तुकडाच उडाला असेल तर भुशाचं भरण टिकणार नाही. धारदार ब्लेडने त्या जागी चौकोनी, सरळ कडांचा खाच करा, त्यात घट्ट बसेल असा बुचाचा तुकडा कापा, जरा वर राहील असा. एपॉक्सी लावून बसवा आणि वरून रबरबँड गुंडाळा. सुकल्यावर ब्लेडने उंची कमी करा, मग पेपर. सरळ कडेचा जोड कॉर्कच्या सांध्यासारखाच दिसतो. गोलमटोल भरण कायम ठिगळ दिसतं.

सील करायचं की नाही

यावर दोन तट आहेत आणि दोघांचंही थोडं खरं आहे. नुसतं कॉर्क ओल्या हातात सगळ्यात चांगली पकड देतं. पण भरलेल्या मुठीला मी सील करतो, कारण पाणी भरणाच्या कडेने आत गेलं की ते सुटायला सुरुवात होते. मॅट पॉलियुरेथेन थिनरने चांगलं पातळ करून किंवा कॉर्कसाठीच मिळणारा सीलर, फडक्याच्या बोळ्याने, दोन अगदी पातळ हात. जवळजवळ कोरड्या फडक्याने लावतोय असं वाटलं पाहिजे. मूठ चमकली तर जास्त झालं.

अळशीचं तेल बरेच जण सुचवतात. माझा अनुभव बरा नाही. ते कॉर्क गडद करतं, नीट वाळेपर्यंत चिकट राहतं आणि धूळ धरतं. वापरलंच तर एक गोष्ट लक्षात ठेवा: अळशीच्या किंवा टंगच्या तेलाने भिजलेलं फडकं गोळा करून टाकू नका. ते वाळताना स्वतःच तापतं आणि पेट घेऊ शकतं. मोकळं पसरून बाहेर वाळू द्या, मगच टाका.

तरीही पुन्हा गळलं तर

गळालेला तुकडा जपून ठेवा आणि त्याची पाठ बघा. तपकिरी पूड चिकटलेली असेल तर कोरणं कमी पडलं. पाठ चकचकीत आणि स्वच्छ असेल तर खळगा ओला किंवा तेलकट होता. तुकडा दोन भागांत तडकलेला असेल तर ग्लू जास्त झाला. आणि तुकड्याबरोबर खरं, फिकट कॉर्कही निघून आलं असेल, तर तुमचं काम चोख झालं आहे आणि कॉर्कच कमकुवत पडलं आहे, बहुधा कधीतरी ब्लीचमुळे. तिथे ती चकतीच बदलावी लागते.

एक गोष्ट मात्र भरणाआधी तपासायला हवी. एका हाताने ब्लँक आणि दुसऱ्या हाताने मूठ धरून पिळून बघा. किंचित जरी फिरली किंवा करकरली, तर आतला ग्लू सुटला आहे आणि वरच्या खळग्यांची काळजी नंतर. सांध्यावर बारीक भोक पाडून, ब्लँकला न लावता, सिरिंजने पातळ एपॉक्सी सोडायची, मूठ सावकाश फिरवत ती आत पसरवायची, आणि भोक भुशाने बुजवायचं.

नवीन रॉड घेतला असेल तर मुठीवरचं पारदर्शक प्लॅस्टिक आजच काढा. मूठ स्वच्छ राहावी म्हणून लोक ते दोन-दोन वर्षं ठेवतात. पाणी कडेने आत जातं, बाहेर येत नाही, आणि एक दिवस प्लॅस्टिक सोललं की त्याच्याबरोबर काळं, मऊ पडलेलं कॉर्क हातात येतं.